ओल्या कागदातली वीट

सप्टेंबर संपता संपता ट्रक यायचा
आणि फुटपाथवर दीड टन कोळसा ओकून जायचा :
दाबून दाबून केलेल्या तपकिरी-काळ्या विटा,
कडा साबणवडीसारख्या गोल.
पाऊस यायच्या आत सगळ्या तळघरात.
मी वर, नऊ वर्षांचा, खिडकीतून सोडायचो;
खाली हान्झामावशी एकेक झेलायची, रचायची,
उभी, आडवी, उभी,
गवंड्याला लाजवेल अशी.
"भिंत बांधतेस?" मी विचारायचो.
"पाडलेली," ती म्हणायची.

तिचं गाव लाउझित्सच्या सपाटीवर होतं.
घरं सदतीस. एक चर्च, एक बेकरी, बदकांचं तळं.
खाली कोळसा निघाला, म्हणून वर गाव राहिलं नाही.
मेलेल्यांना आधी हलवलं, पेट्यांतून, नावं लिहून.
जिवंतांना मागाहून, फर्निचरसकट.
तिला इथे मिळाल्या दोन खोल्या
आणि हिरव्या टाइल्सची ही उंच शेगडी,
जिला सकाळी चार विटा लागत, रात्री तीन.

आमच्याशी ती जर्मन बोले. शेगडीशी सोर्बियन.
वीट आत सरकवताना एकेक नाव घ्यायची :
ही यूरिज लोहाराकडची.
ही शाळेखालची, हिच्यावर उभी राहून मी सातचा पाढा चुकले.
ही ब्यार्नातची, धुमसतच जळणार, मेला होताच तसा.
जानेवारीत सदतीस घरं
आठवडाभरसुद्धा पुरायची नाहीत.
मग पुन्हा पहिल्यापासून.

रात्रीची शेवटची वीट ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळायची,
म्हणजे निखारा पहाटेपर्यंत टिकतो.
आधी उत्पादनाचे आकडे चुरचुरत,
मग एखाद्या मंत्र्याचा टाय,
मग वास, गंधकाचा,
पडद्यांना, पावाला, माझ्या शाळेच्या स्वेटरला.
मला त्या विटांचा वीट आला होता.
हे सांगून टाकलेलं बरं.

गॅस आला त्या वर्षी ती नव्हती.
तळघरात भिंतीचा एक कोपरा उरला होता, कमरेइतका.
वरच्या मजल्यावरच्या हेल्गर्टनं विचारलं,
नेऊ का, बागेत शेकोटीला?
म्हटलं, ने.
जिन्यात एक त्याच्या हातून निसटली. दोन तुकडे.
आत लाकडाचा एक धागा होता, केसाएवढा,
कोण जाणे कुठल्या काळातल्या झाडाचा.
मी तुकडा नाकाशी धरला
आणि एखादं नाव आठवून पाहिलं, कुठलंही.
तळघराचा वास आला. बस्स.

हेल्गर्ट खालच्या पायरीवर थांबला होता,
बादली पुढे करून.