दोन लांब, एक आखूड

नातीला शाळेने प्रकल्प दिलाय :
घरातल्या प्रत्येकाचा एक दिवस.
वहीच्या पानावर दोन रकाने,
'माणसांत' आणि 'मोबाइलवर'.
पेन्सिल कानावर खोचून ती बसलीय
पिळगावच्या तलाठ्यासारखी,
आणि माझे रात्रीचे साडेनऊ ते साडेदहा
कुठे टाकायचे, ते ठरत नाही.

त्या तासात मी बुद्धिबळ खेळतो
'ओल्डलँप४४' नावाच्या कुणाशी तरी.
बाई की बाप्या, ठाऊक नाही. देश ठाऊक नाही.
वजीर हलवण्याआधी तो फार वेळ घेतो,
(तो म्हणतो मी, सवयीने)
प्यादं मात्र झटकन सारतो
पाहुण्याला पाट सरकवावा तसा.
डाव संपला की एक अंगठा.
तीन वर्षांत एकदाच लिहिलं,
तेही माझ्यासारख्याच मोडक्या इंग्रजीत,
आज डोकं दुखतंय.
मी लिहिलं, मग झोपा.
एवढंच आमचं बोलणं.

"मोबाइलवर," नात म्हणते आणि लिहायला वाकते.
थांब.

सव्वीस वर्षं मी बार्जवर होतो.
सारमानसला खनिज भरायचं, मुरगावला रितं करायचं,
भरतीच्या वेळा जेवणाच्या वेळांपेक्षा पाठ.
समोरून 'रेजिना' यायची, तिच्यावर कायतान.
दोन लांब, एक आखूड, हा त्याचा भोंगा.
मी उलटा द्यायचो : एक आखूड, दोन लांब.
तोंड कधी पाहिलं नाही.
खिडकीबाहेर हात दिसायचा,
कोपरापर्यंत हिरवी बाही,
आणि मग मधे नुसतं पाणी, तांबडं.

ह्याला काय म्हणायचं, बाय?
तेव्हा कुणी रकाना विचारला नव्हता.

एका सकाळी 'रेजिना' आली, भोंगा वाजला,
तेवढाच, तसाच,
पण बोट दुसऱ्याचं होतं.
धक्क्याला लागण्याआधीच मला कळलं.

इस्त्रीचा सदरा घालून फेरीने दिवाडीला गेलो.
दारात त्याची बायको, काळ्या कपड्यांत.
"तूं कोण?"
नाव सांगून काय उपयोग होता?
ओठांनीच वाजवून दाखवलं,
एक आखूड, दोन लांब,
भर दुपारी, शेजारीपाजारी बघत असताना.
ती दारातून बाजूला झाली.
खुर्ची ओढली.
आत मुलाला हाक मारून म्हणाली,
"तो आयलो रे."

खाण बंद पडली. आमची बार्ज भंगारात गेली,
भोंगा कुणी नेला कोण जाणे.

आज अकरा दिवस
ओल्डलँपच्या नावापुढे हिरवा ठिपका नाही.
प्रतिमा ताटं पुसता पुसता म्हणते,
"कायतान गेला तेव्हा फेरी तरी होती.
आता कुठल्या धक्क्यावर जाणार तुम्ही?"
तिचं बरोबर आहे.
तिचं बरोबर असतं ते मला नेहमी
हात धुतल्यावर कळतं.

पण मला वेगळंच टोचतं.
त्या घरात, जिथे कुठे ते असेल,
कुणाला ठाऊक असेल का
की साडेनऊला इथे एक जण थांबलेला असतो?
मी ओठांनी काय वाजवून दाखवू?

नात दोन रकान्यांमधल्या रेघेवर
पेन्सिल टेकवून बसलीय.
टोक मोडतं. ती शार्पनर शोधायला उठते.

मी नवा डाव मांडतो.
पांढरं प्यादं, दोन घरं पुढे.
समोर काळ्यांची रांग, जिथल्या तिथे.
"आला का?" प्रतिमा आतून विचारते.
बसलाय, मी म्हणतो,
पहिल्याच खेळीला
फार वेळ घेतोय आज.