तासगावची थंडी

कुपवाडच्या शेडमध्ये, रात्री साडेअकराला
स्क्रीनवरच्या वकीलबाई विचारतात,
झडप बर्फात तपासली होती का?
दुभाषा सांगतो. मगदूमशेठ माझ्याकडे बघतात.

तपासली होती.
तासगावच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये
बेदाण्याच्या बॉक्सांवर रात्रभर ठेवून.
सकाळी उघडली, टिक्.
मी सही केली, हातमोजे न काढता,
म्हणून ‘शे’ची मात्रा घसरलेली.
तीच मात्रा आता त्या मोठी करून दाखवतात.

ती थंडी कोरडी होती.
ढगातलं पाणी शून्याखालीही पाणीच राहतं,
पंखाला शिवलं की दगड होतं,
हे मला त्यांच्याच कागदांतून कळलं,
माणसं पडल्यानंतर.

विमान कंपनी म्हणते, झडप तुमची.
शेठ म्हणतात, ड्रॉइंग तुमचं.
ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत:
बर्फाळ ढगात नेऊ नये.

ढगावर कुठे लिहिलेलं असतं?

दुभाषा हे भाषांतर करत नाही.
टेबलावर त्याच लॉटमधली उरलेली एक झडप.
मी अंगठ्याने दाबते.
उघडते.
इथे उघडतेच.