सल

पाळक दरवर्षी द्राक्षवेलाचा धडा काढतात,
आणि आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये
द्राक्षाचा वेल पाहिलेलं एकही माणूस नाही.
सापनच्या काठी संत्रा आहे.
म्हणून ऐकताना मी मनातल्या मनात
वेलाच्या जागी झाड घालते
आणि माळ्याच्या जागी हनोखकाका.

तोडा संपला की पौषात ते येतात,
खांद्यावर करवत, कमरेला कात्री,
डालड्याच्या जुन्या डब्यात औषधाचं पाणी.
एक झाड झालं की कात्री त्यात बुडवतात.
"एकाचं दुखणं दुसऱ्याले कायले न्याचं?"
म्हणतात, आणि पुढच्या झाडाखाली वाकतात.

वाळलेल्या फांदीला आमच्याकडे सल म्हणतात.
मनातल्या त्या दुसऱ्यालाही सलच.
मला वाटायचं, शब्दांचा योगायोग.

त्या वर्षी बाविसाव्या झाडापाशी मी ओरडले.
वाळलेलं कधीच संपलं होतं,
आणि काकांची करवत त्याच्याही खाली,
चांगल्या ओल्या लाकडात चालली होती.
"काका, ते जितं हाय!"
"मालूम हाय, एस्तेर.
मेल्यापाशीच थांबलो
त मरण खाली उतरत जाते.
जित्यातूनच कापा लागते. बोटभर."

बोटभर.
भुसा पायावर पडला, ओलसर,
संत्र्याच्याच वासाचा.

सलोमी माझी सख्खी बहीण.
गावाच्या त्या टोकाला, पिठाची गिरणी चालवते.
आई गेली तेव्हा आईच्या बुगड्या
तिच्याकडे गेल्या, मला न विचारता.
एवढंच.
सात वर्षं.
सात वर्षं प्रत्येक पहिल्या रविवारी
भाकरीचं ताट मी शेजारच्या हाताकडे सरकवलं,
प्याला तर त्याहून लवकर.
लोकांना वाटायचं, उपास असेल.

तसं मी तिला माफ केलं होतं.
म्हणजे वाळलेलं कापलं होतं,
वाळलेल्यापाशीच.
खालच्या हिरव्याला हात लावला नव्हता:
मीच आईचं केलं,
मीच रात्री जागले,
मीच शेवटचं पाणी पाजलं.
ते सगळं जितं होतं.
खरंही होतं.

काका गेल्यावर चुना आणि मोरचूद कालवून
मी एकेका घावावर लेप दिला.
झाडं निळी दिसू लागली,
भांडून घरी आलेल्या पोरांसारखी.
मग पाणी बंद. ताण.
विहीर भरलेली, आणि पाटात धूळ.
पानं मिटली, पिवळी पडली.
नवख्याला वाटलं असतं, मालकीण विसरली.
मी रोज दिवस कलताना बागेत जायचे,
नुसती उभी राहायचे.
तहानेला मी ओळखत होते,
पण आजवर फक्त झाडाच्या बाजूने.
पाणी हातात धरून थांबणाऱ्याला काय होतं
ते त्या माघात कळलं.

मग पाणी सोडलं. काही दिवसांनी
बाग अशी पांढरी झाली
की रस्त्यावरचे एसटीतून वळून बघत.
त्यातलीही बरीच फुलं गळाली.
फुलाचं काय, फूल सगळ्यांनाच येतं.

मार्गशीर्षात बाविसाव्या झाडाची संत्री
मी कापडी पिशवीत भरली आणि गिरणीवर गेले.
सलोमी दारात आली, भुवयांपर्यंत पिठाने पांढरी.
कानात बुगड्या.
दुखलं. बोटभर.
जित्या जागी.

ती काही बोलली नाही. मीही नाही.
गिरणीचा पट्टा तेवढा बोलत होता.
तिने पिशवीतलं एक उचललं, तिथेच सोललं,
एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले:
"आंबट हाय व बाई."
"पुढल्या साली गोड होतीन," मी म्हटलं.
तिला हसू आलं, का ठसका, कोण जाणे.
मग पीठ लागलेल्या हाताने
उरलेलं अर्धं तिने माझ्यापुढे धरलं.

ते मी पुढे सरकवलं नाही.