गुडघाभिंत

माळ्यावरच्या या भिंतीला आम्ही गुडघाभिंत म्हणतो.
छप्पर उतरत येतं, माणूस वाकत जातो,
आणि जिथं वाकणंही संपतं
तिथं ती उभी असते, जेमतेम कमरेएवढी.
तिच्या पाठीमागे एक त्रिकोण उरतो.
त्यात लोक नाताळचे दिवे ठेवतात, चेन तुटलेल्या बॅगा,
आणि ज्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही
अशा सगळ्या वस्तू.

वेजपोर्टला, एवरिस्त सुरेतच्या घरी,
त्या त्रिकोणात मी पोटावर सरकत शिरले.
कपाळाला दिवा, तोंडाला फडकं.
बाहेरून म्हातारा: "भिंत मी स्वतः भरलीय, डेल्फीन.
एकोणऐंशी साली. तिच्यात खोट नाही."

खरंच नव्हती.
गुलाबी काचलोकर खांबाखांबात चोख बसलेली,
कुठं दबलेली नाही, कुठं लोंबलेली नाही.
टोकाच्या भिंतीत तर त्याच्या आज्यानं कोंबलेलं
सुकं समुद्रगवत होतं,
काळं, दोऱ्यांसारखं, चिमटीत घेतलं तर अजून खारट वासाचं.

मग पोरीची खोली गार का?

मी धुराची कांडी पेटवली.
धूर भिंतीकडे वळलाच नाही.
तो खाली वाकला
आणि दोन तुळयांच्या मधून, फळ्यांच्या पोटाखालून
घरात गेला,
रोजची वाट असलेल्या माणसासारखा.

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात.
वळचणीचा वारा मात्र भिंतीशी भांडत बसत नाही,
तिच्या पायाखालून जातो
आणि पलंगाखाली जाऊन झोपतो.

हे मी म्हातार्‍याला सांगितलं.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "पलंगाखाली.
हेच शब्द. नोएला सात वर्षांची होती.
म्हणायची, पपा, माझ्या पलंगाखाली वारा झोपतो.
मी नुकताच शेवंड्यांच्या जाळ्या ओढून आलो होतो,
बोटांची नखं निळी.
म्हटलं, गारठा बघायचाय? चल बोटीवर.
पुन्हा नाही म्हणाली ती."

सोळा पोकळ्या. एकही दुसरीच्या मापाची नाही.
तो आकडे लिहून घेई, फोमचे तुकडे कापून देई,
मी प्रत्येक तुकडा भिंतीच्या बरोब्बर खाली ठोकून बसवी
आणि कडेनं फेस मारी, जो दाढीच्या साबणासारखा फुगतो
आणि बोटाला लागला तर आठवडाभर जात नाही.
अकराव्या पोकळीत तुकडा अर्धा इंच कमी निघाला.
"आकडा चुकला," तो म्हणाला.
मी नव्यानं कापायला सांगितला.
छपराखाली दोन बोटं हवेला मोकळी सोडली,
लाकूड पार कोंडलं तर कुजतं.
शेवटी त्रिकोणाच्या बुटक्या दाराला रबराची पट्टी
आणि आतून एक आकडा.

संध्याकाळी तो त्या खोलीत गेला,
गुडघे धरत खाली बसला,
पलंगाखाली हात घालून तळवा फळ्यांवर ठेवला.
ठेवूनच राहिला.
मग फोन लावला, मॉन्क्टनला.

"नोएला, वारा होता गं.
तू म्हणायचीस तिथंच."

पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं.
"कुठला वारा, पपा?"

"काही नाही," तो म्हणाला. "बर्फ आहे का तिकडे?"

मी मोरीत हात धुत होते, कोपरापर्यंत.
तो आत आला आणि सवयीनं
माझ्यासाठी गरम नळ सोडला.
मी बंद केला.
काचलोकरीची कुसं गार पाण्यानंच निघतात, म्हटलं,
ऊन पाण्यात ती आणखी आत शिरतात.

"असं होय," म्हातारा म्हणाला,
आणि टॉवेल घेऊन तसाच उभा राहिला.