पानं उलटणारी

पबच्या माडीवर अडतीस खुर्च्या,
त्यातली एक लंगडी. तिच्यावर मी.
गाणं मला येत नाही,
पियानो येतो तो कामापुरता.
पण लेनॉक्सनं मान हलवली की पान उलटायचं
एवढं चोख जमतं:
वरचा कोपरा, डावा हात,
बाही सुरांवर लोळू न देता.

आज बंद पडलेल्या नाटकांची गाणी.
कुणी नऊ प्रयोगांत आटोपलेलं,
कुणी तालमीतच कापलेलं,
एक तर निर्मात्याच्या घटस्फोटात
बायकोच्या वाटणीला गेलेलं.
तिकीट बारा पाउंड, पेन्शनवाल्यांना नऊ.
विंग नाही. विंगेच्या जागी संडासाचं दार,
म्हणून मॉर्वेना आधीच बजावते,
‘आत्ताच जाऊन या. नंतर गेलात
तर तुम्ही नाटकात आहात.’
तिसरी घंटा म्हणजे चमचा आणि पेला.

खिडकीला काळा रंग फासलाय,
तरी रस्त्यावरून बस गेली की
एका ओरखड्यातून लाल रेघ आत येते,
छतावर सरकते, विझते.

सहावं गाणं हेस्टरचं.
माझे डोळे कागदावर, मला ती दिसत नाही.
दिसतात तिचे चंदेरी बूट, झिजलेली टाच,
घोट्यावर चिकटपट्टी.
एकतीस वर्षांपूर्वी ती राखीव नटी होती.
रोज संध्याकाळी रंग लावायची,
रोज रात्री तसाच कोरडा पुसायची.
मुख्य बाईंना नऊच्या नऊ रात्री
साधी शिंकसुद्धा आली नाही.

दीपगृहाच्या राखणदाराची बायको
उरलेलं तेल मोजते, असं ते गाणं.
खालच्या सुरावर हेस्टरचा आवाज
ओल्या दोरासारखा करकरतो,
मग ताण घेतो.

पान एक. मान.
पान दोन. मान.
पान तीन उलटलं
आणि पुढे पुठ्ठा.

झेरॉक्सच्या दुकानात, जिन्यात,
की दुपारी मीच चहा पिताना,
शेवटचं पान गेलं कुठे?
लेनॉक्सचे हात हवेत.
चाळीस वर्षं वाजवणारा माणूस
गृहपाठ न केलेल्या पोरासारखा माझ्याकडे बघतोय.
मी हवेतच एक पान उलटलं.
का, ते विचारू नका. सवय.

त्यानं मान हलवली
आणि एकच सूर धरला, अगदी खालचा,
पेडल दाबून.
हेस्टर थांबलीच नव्हती. तिच्यापुढे कागद कधीच नव्हता,
भांडी घासताना नव्हता, बसथांब्यावर नव्हता,
बहिणीच्या उशाशी इस्पितळात
ती तेल मोजत बसायची तेव्हाही नव्हता.

शेवटच्या ओळीआधी एक श्वास आहे,
लांब, रचनेतच लिहिलेला.
त्या श्वासात दिवा विझतो.
नेमका तेव्हाच खाली गोल झाला.

अख्खा पब ओरडला.
माझ्या तळव्यांतून, पियानोच्या तारांतून
कुठल्याशा संघाचा आनंद वर चढला.
पहिल्या रांगेतला म्हातारा दचकून जागा झाला
आणि टाळ्या वाजवू लागला.
हेस्टर हसली. हे मला न बघता कळलं,
टाचा जमिनीवरून जराशा उचलल्या.
ओरडा ओसरेपर्यंत ती तशीच उभी,
आणि मग शेवटची ओळ इतकी हळू ठेवली,
उशिरा घरी आलेल्या माणसानं
अंधारात किल्ली ठेवावी तशी.

हिशेब झाला. वाट्याला चौदा पाउंड
आणि व्हिनेगरच्या वासाचं वेफर्सचं पाकीट.
सकाळी इथं योगवर्ग असतो,
म्हणून खुर्च्या एकात एक रचायच्या.
हेस्टर बूट पिशवीत कोंबत म्हणाली,
‘त्या बाई शेवटचा सूर वर न्यायच्या.
मला कधी पटलं नाही.’
आणि बस पकडायला गेली.

पान पियानोखालीच होतं,
त्यावर माझ्याच बुटाचा ठसा.
शेवटचा सूर वर की खाली,
बघितलं नाही.
चार घड्या घातल्या
आणि लंगड्या खुर्चीच्या पायाखाली सारलं.