वळणाचे जादा

ब्लफकडून येणाऱ्या वाऱ्याने जुनं कुंपण पाडलं
त्याला तीन आठवडे झाले.
पडलं म्हणजे एकदम नाही.
आधी टेकलं, मग बसलं,
मग पहाटे कधीतरी आडवं झालं,
कुणाला उठवायला नको म्हणून.

आयलीन मॅक्रॉस्टीच्या टेबलावर आता
पत्र्याच्या रंगांची पट्टी आहे. सोळा रंग, सोळा नावं:
ओली वाळू, नदीचा गोटा, उशिराची सावली.
तिला सगळे करडे दिसतात.
इन्व्हरकार्गिलच्या जूनमध्ये
खिडकीबाहेर तोच रंग फुकट मिळतो.

डॅरिल म्हणतो, एक मीटर ऐंशी घ्या,
म्हणजे प्रश्नच मिटतो.
कुठला प्रश्न?
डॅरिलने कानामागची पेन्सिल काढली,
पुन्हा कानामागे ठेवली.
कुठलाही, म्हणाला.

जिवंत झुडपांचं करावं तर
अंगाखांद्यानं भरायला आठ वर्षं लागतील.
तिनं बोटं मोजली,
मग मोजलेली बोटं
कपाभोवती गुंडाळून ठेवली.

जाळीचं स्वस्त. पण जाळी म्हणजे
नाही म्हणायचं आणि सगळं दाखवायचं.

मधल्या तीन आठवड्यांत
फेतूच्या कोंबड्या तिच्या रुबार्बमध्ये फिरून गेल्या.
तो रात्रपाळीहून येतो, अंगणात उभा राहतो,
पर्थमधल्या मुलीशी बोलतो, बूट न काढता,
हे तिला सोळा वर्षांत ठाऊक नव्हतं.
ती सकाळी नवऱ्याच्या कोटात बाहेर येते
आणि मोकळ्या दोरीकडे बघत राहते,
हे त्याला ठाऊक नव्हतं.
मग दोघांनी माना थोड्या वळवायला शिकून घेतलं.
त्या कुंपणाला खांब लागले नाहीत.

सोमवारी डॅरिलने खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली.
दोरी सरळ गेली. जुन्या खांबांचे खड्डे
सरळ गेले नव्हते.
मधेच, शेडच्या पुढे,
ते तिच्या अंगणात हातभर आत आले होते
आणि चार खांबांनंतर पुन्हा बाहेर.

चूक आहे, डॅरिल म्हणाला, तुमची जागा गेलीय.
कुणी घातलं होतं हे?

रॉसनं. शहात्तर साली.
जो माणूस चित्र टांगताना
पाण्याची पातळी लावायचा, पावाचे काप मोजून करायचा,
त्याचा हात हातभर चुकत नाही.

ती खड्ड्यांपाशी गेली. बघत राहिली.
आणि मग तिला ते झाड आठवलं
जे तिथे नव्हतं:
तेव्हाच्या शेजारणीचा आलुबुखारा,
बांधावरच वाढलेला, निम्मी मुळं इकडे.
कापा म्हणालं असतं कुणीही.
रॉस काही म्हणाला नाही. त्यानं कुंपण वाकवलं.
रात्री जेवतानाही सांगितलं नाही.
झाड नव्वदच्या आधीच वाळून गेलं,
शेजारीण गेली, घर दोनदा विकलं गेलं,
वळण राहिलं.

म्हणतात, कुंपणच शेत खातं.
याने हातभर खाल्लं होतं, आणि
पन्नास वर्षं ढेकर दिला नव्हता.

फेतू चहाचा मग घेऊन दोरीपलीकडे उभा.
त्याला तिनं झाडाचं सांगितलं.
त्यानं रिकाम्या जागेकडे
वर, फांद्या असतील तिथवर पाहिलं.

लाकडाचं, ती डॅरिलला म्हणाली. छातीपर्यंत.
गुळगुळीत बाजू त्याच्याकडे.
नको, फेतू म्हणाला, तुमच्याकडे.
बराच वेळ कुंपणाची पाठ
दोघांनीही मागून घेतली.

आणि वळण तसंच ठेवायचं.

डॅरिलने कागद पालथा केला, आकडे मांडले.
दोन खांब जास्त, फळ्या तिरक्या कापाव्या लागतील,
अर्ध्या दिवसाची मजुरी.
वळणाचे जादा पडतील.

निम्मे माझे, फेतू म्हणाला.
एक कोंबडी दोरीखालून आली,
थांबली,
आणि जिथे खोड असतं
तिथे उकरू लागली.