तिसरा ताण

मागच्या वैशाखात वावधान सुटलं
आणि गच्चीवरचा आमचा पाइप वाकला.
जुन्या बोअरचा, दोन इंची.
वाकून बिडव्यांच्या टाकीवर टेकला,
पंगतीत डुलकी लागलेला पाहुणा
शेजारच्याच्या खांद्यावर टेकावा तसा.

टाकी फुटली नाही.
सकाळी बिडवेकाका वर आले,
पाइपाकडं बघितलं, टाकीकडं बघितलं,
खाकरून खाली गेले.
सहा वर्षं झाली, एवढंच बोलणं.
मोरीच्या पाण्यावरून.

झेंडा चढतो वर्षातून तीनदा:
सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट,
आणि सतरा सप्टेंबर.
(आपल्याकडं स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा आलं,
आबा सांगतात,
शेवटच्या फीडरवर लाइट येते तसं.)
वारा मात्र रोज.

आई म्हणाली, तीन दिसांसाठी
वर्षभर लोखंड कशाला मिरवायचं, द्या भंगारात.
आबा काही बोलले नाहीत.
छत्तीस वर्षं लाइनमन.
मानवत ते पाथरी, आडवे झालेले पोल
त्यांनी रात्री-बेरात्री उभे केलेले.

मुजीबनं पाइप सरळ करून दिला,
वर तीन कड्या वेल्ड केल्या,
त्याला लावले अकरा दिवस.
आबांनी बुडाशी लोखंडी पाट बसवला,
चार बोल्ट, खाली कॉलम,
म्हणून पोल कोपऱ्यातच, दुसरीकडं नाही.
मला म्हणाले, पोल काही खड्ड्यानं उभा राहत नाही बाई,
ताणानं राहतो.

मग खडूनं वर्तुळ काढलं.
माझ्या लेकाचा कोनमापक घेतला.
एकशेवीस, एकशेवीस, एकशेवीस.
पहिली खूण आमच्या जिन्याच्या टोपीवर,
दुसरी आमच्या कठड्यावर,
तिसरी बिडव्यांच्या.
वर्तुळ फिरवून बघितलं.
पुन्हा फिरवलं.
दर वेळी एक खूण भिंतीपल्याड.

आठ दिवस दोनच ताणांवर ठेवला.
तिसऱ्या बाजूचा वारा आला
की पोल मान हलवायचा, नाही, नाही.
आबा खाटेवर पडून आवाज ऐकायचे
आणि कुशी बदलायचे.

शेवटी स्वतःच गेले.
मी जिन्यात उभी, कान देऊन.
कठड्याला एक हूक पाहिजे, एवढंच म्हणाले.
बराच वेळ काही नाही.
मग बिडवेकाकांचा आवाज:
वजन किती येईल त्याच्यावर?
वारा येईल तेवढं.
भिंत फुटली तर?
फुटणार नाही. फुटली तर बांधून देईन.
मोरीचं कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी हूक त्यांनी स्वतः ठोकला,
आबांना हात लावू दिला नाही, जरा तिरकाच ठोकला.
मी खाली गल्लीत ओळंबा धरून,
डावीकडं... अजून... बोटभर मागं... बास.
आबांनी टर्नबकल पिळला, मग एक आटा सैल सोडला.
आवळून बांधला तर मोडतो, म्हणाले.
कुणाला म्हणाले, कळलं नाही.

यंदा वैशाखात पुन्हा सुटलं.
पत्रे उडाले, डांबरी रोडवर बाभूळ आडवी,
लाइट गेली ती गेलीच.
बॅटरी घेऊन आबा वर, मी मागोमाग.
पोल डुलत होता, धार काढताना
म्हैस अंग हलवते तेवढाच.
तारा गुणगुणत होत्या.
आबांनी दोन्हींवर तळवा ठेवून बघितला,
आणि पलीकडं अंधारात
तिसऱ्या तारेवर कुणाचा तरी हात होता.
बॅटरी तिकडं मारली नाही त्यांनी.

आता बिडवेकाकू त्या तारेवर
टॉवेल वाळत घालतात. कधी परकर.
ताणावर वजन टाकायचं नसतं,
हा नियम आबांनी छत्तीस वर्षांत
कितीतरी पोरांना शिव्या देऊन शिकवला.
रोज सकाळी चहाची कपबशी घेऊन वर जातात,
टॉवेलाकडं बघतात,
बशी निवेपर्यंत बघतात,
आणि खाली येतात.